लहान मुलांसोबत ईस्टर: झावळ्यांच्या रविवारापासून समुद्रकाठच्या न्याहारीपर्यंत

लहान मुलं असलेल्या बऱ्याच घरांत ईस्टर रविवारी सकाळी सुरू होतो आणि दुपारी जेवून सगळे आडवे झाले की संपतो. नवे कपडे, मिस्सा (चर्चमधली उपासना), चॉकलेटचं अंडं, सान्ना आणि सोरपोतेल. यातलं काहीच टाकण्यासारखं नाही. पण संध्याकाळी मुलाला विचारलं, 'आज कसला सण होता रे?', तर उत्तर येतं, 'अंड्यांचा.' मी गोव्यात दोतोर्नच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या, वर्गात लहान मुलांना शिकवते. आमच्या घरात मराठी, अंगणापलीकडे कोकणी. या वयाच्या मुलांबद्दल माझं मत ठाम आहे: शुक्रवारची शांतता आणि शनिवारचं वाट पाहणं त्यांना झेपेल तेवढं अनुभवू दिलं, तरच रविवारचा आनंद त्यांचा स्वतःचा होतो.

म्हणून हा लेख अख्ख्या आठवड्याचा आहे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे आईबाबा आणि आजीआजोबा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. यातलं सगळं करायला जाऊ नका. रोज एक गोष्ट, अर्ध्या तासात संपणारी, एवढं पुरे. ज्यांना अजिबात सवड नाही त्यांनी परातीतली बाग आणि गुरुवारचं पाय धुणं, या दोन गोष्टी धराव्यात.

तारीख आणि चंद्र

नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला, ईस्टर मात्र दरवर्षी हलतो, आणि मुलं 'कधी?' विचारून भंडावून सोडतात. नियम असा की २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो; २०२७ साली २८ मार्चला, २०२८ साली १६ एप्रिलला. चर्च ही पौर्णिमा आपल्या ठरलेल्या कोष्टकावरून धरतं, म्हणून पंचांगाशी कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. पण बहुतेक वर्षी ती आपली चैत्री पौर्णिमाच, म्हणजे हनुमान जयंतीची. ईस्टर फार लवकर आला तर होळीची. २०२७ मध्ये तसंच आहे.

मुलांना हे कोष्टक नको, चंद्र दाखवा. पाडव्यानंतरची बारीक कोर दिसली की रोज रात्री जेवणाआधी दोन मिनिटं अंगणात किंवा गॅलरीत न्या. चंद्र पूर्ण गोल झाला की पुढच्या रविवारी ईस्टर, एवढं सांगितलं की मूल स्वतःच रोज आठवण करतं. ईस्टर लवकर असेल त्या वर्षी हेच होळीच्या आधी सुरू करायचं.

उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे आठवडे, चालू असतानाच आणखी एक गोष्ट जमली तर पाहा. गोवा वेल्ह्याच्या सेंट अँड्र्यू चर्चमधून संतांच्या मूर्तींची मोठी मिरवणूक निघते, उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी. फ्रान्सिस्कन परंपरेतून आलेली ही मिरवणूक लहान मुलं डोळे विस्फारून पाहतात. गर्दी खूप असते. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि गाडी लांब लावून चालत जा.

झावळ्यांचा रविवार: क्रूस आणि बाग

हा ईस्टरच्या आदला रविवार. गोव्यात या दिवशी खजुराच्या नव्हे, माडाच्या झावळ्या घेऊन लोक चर्चमध्ये येतात. येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी झाडांच्या डहाळ्या वाटेवर पसरल्या, ही गोष्ट मुलांना आवडते, कारण यात गाढव आहे आणि मोठ्याने ओरडायला परवानगी आहे. 'होसान्ना' घरातच ओरडून घेऊ द्या.

मिस्साहून आणलेल्या पवित्र झावळीचा क्रूस करायचा. पातीच्या मधला हीर आधी काढून टाका. तो डोळ्यात जाण्याची भीती खरी आहे. मग वीतभर लांबीची एक पट्टी आणि तिच्या अर्ध्याहून थोडी मोठी दुसरी पट्टी घ्या. लांब पट्टीच्या वरच्या भागात ब्लेडने बोटाच्या पेराएवढी उभी चीर द्यायची (हे मोठ्यांचं काम), आडवी पट्टी त्यातून ओवायची आणि सांध्यावर पातीचाच बारीक दोरा करून तिरपा गुंडाळायचा. चार वर्षांचं मूल ओवतं, सहा वर्षांचं बांधतंही. पाती ताजी असतानाच करा, दुसऱ्या दिवशी ती चिरफळते. हे क्रूस आल्तारावर (घरातल्या देव्हाऱ्यावर) किंवा दाराच्या चौकटीवर लावून वर्षभर ठेवायचे. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारआधी, म्हणजे उपवासकाळ सुरू होण्याआधी, चर्चमध्ये जुन्या झावळ्या गोळा करतात आणि त्यांची राख कपाळाला लागते, हेही मुलांना सांगून ठेवा. फेकायचं काही नसतं, हे त्यांना लगेच पटतं.

त्याच दुपारी बाग पेरायची. यासाठी कडा असलेली जुनी परात किंवा कुंडीखालची थाळी घ्या. गोव्याची तांबडी माती एकटी घट्ट बसते, म्हणून तिच्यात निम्मं शेणखत किंवा नारळाचा भुसा मिसळा. एका बाजूला करवंटीची अर्धी वाटी आडवी, तोंड बाहेर करून मातीत रोवा आणि वरून माती चढवून टेकडी करा, ही कबर. कबरीच्या तोंडाला बसेल असा एक चपटा दगड शोधायला मुलांना पाठवा, पण आताच लावू नका. टेकडीवर हिरांचे तीन क्रूस. उरलेल्या मातीत रात्रभर भिजवलेले गहू आणि थोडी मोहरी दाट पेरा, वर मातीचा पातळ थर द्या. पाणी सकाळ-संध्याकाळ, हाताने शिंपडून. मुलाच्या हातात तांब्या दिला तर बाग वाहून जाते. आपल्या उन्हाळ्यात मोहरी तीन-चार दिवसांत वर येते आणि पुढच्या रविवारपर्यंत गहू बोटभर वाढतो. थाळी थेट दुपारच्या उन्हात ठेवू नका, कोवळे कोंब करपतात.

सोमवार ते बुधवार: स्वयंपाकघरातली तयारी

हे तीन दिवस मार्झिपानचे, म्हणजे काजू-बदामाच्या पुडीच्या मिठाईचे. मार्च ते मे हा गोव्यात काजूचा हंगाम, त्यामुळे ताजा गर मिळतो आणि आपल्याकडे मार्झिपान बदामापेक्षा काजूचंच जास्त होतं. बेकऱ्यांत सुंदर नक्षीची अंडी मिळतात, जरूर घ्या. पण मुलांना एकदा तरी घरी करू द्या.

पाव किलो काजूगर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर तेल सुटतं आणि गोळा तेलकट होतो. पूड चाळून घ्या. २०० ग्रॅम साखर आणि अर्धी वाटी पाणी यांचा एकतारी पाक करा, त्यात काजूची पूड घालून मंद आचेवर ढवळत राहा. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागलं की चिमूटभर थंड करून बोटांत वळून पाहा. चिकटलं नाही तर झालं. एक चमचा गुलाबपाणी घालून खाली उतरवा. इथपर्यंत मुलांना ओट्यापासून लांब ठेवा, कारण पाकाचा चटका पाण्याच्या चटक्याहून वाईट असतो. कोमट झाल्यावर मात्र गोळा त्यांच्या स्वाधीन करा. मळू द्या, दोन-तीन वाट्या करून रंग कालवू द्या. अंड्याच्या आकाराचे साचे गोव्यातल्या बाजारात केकच्या सामानाच्या दुकानांत मिळतात. साच्याला तुपाचं बोट लावायचं. साचा नसला तरी अडत नाही, तळहातावर वळलेलं वेडंवाकडं अंडं मुलाला अधिक प्रिय असतं. एवढ्या मिश्रणात वीस-बावीस छोटी अंडी होतात. अर्धा दिवस पंख्याखाली सुकवून फ्रीजमध्ये ठेवा. आयसिंगची नक्षी शनिवारी.

पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे काजू देऊ नका, घशात अडकतात. आणि ज्या मुलाने काजू-बदाम कधी खाल्लेच नाहीत त्याला सणाच्या गर्दीत पहिल्यांदा देऊ नका. आधी एखाद्या साध्या दिवशी, घरात, किंचित देऊन पाहा.

पवित्र गुरुवार: परात आणि पोळी

गुरुवारच्या मिस्सात फादर लोकांचे पाय धुतात. घरी हे करायला काहीच लागत नाही: परात, तांब्याभर कोमट पाणी, पंचा. संध्याकाळी सगळ्यांना गोल बसवा आणि सुरुवात बाबांनी मुलाचे पाय धुऊन करा, उलट नको. घरातला मोठा माणूस आपल्यासमोर खाली बसला आहे हे पाहून मूल आधी खिदळतं, मग गप्प होतं. त्यानंतर त्याला आजीचे पाय धुऊ द्या. येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा पेत्र नको नको म्हणत होता, एवढी गोष्ट पुरते. प्रवचन करू नका. घरात कामाला येणाऱ्या मावशी त्या वेळी असतील आणि त्यांना संकोच वाटणार नसेल, तर त्यांनाही बसवा. मुलं यातून जे शिकतात ते सांगून शिकवता येत नाही.

रात्रीच्या जेवणाला पाव किंवा पोई (गोव्याचा गव्हाचा पाव) नको, पोळी किंवा भाकरी करा. येशूचं शेवटचं भोजन यहुदी लोकांच्या वल्हांडण सणातलं होतं आणि त्या सणात खमीर न घातलेली भाकर खातात. आपली पोळी तशीच असते. घरचं मोठं माणूस एक पोळी हाताने तोडून सगळ्यांना वाटेल, बस.

गुरुवारच्या मिस्सात ग्लोरिया या स्तुतिगीताला घंटा वाजतात आणि त्यानंतर थेट शनिवारी रात्रीपर्यंत गप्प राहतात; मधल्या काळात लाकडी खडखडा वाजवतात. मुलांना सांगून ठेवा: आता कान उघडे ठेव, घंटा पुन्हा कधी वाजते ते तू मला सांगायचं. घरातही हे पाळता येतं. आल्तारावरचा क्रूस जांभळ्या कापडाने झाका, फुलं काढून ठेवा, टीव्ही आणि मोबाईलवरची गाणी बंद. मूल दिवसातून चारदा त्या झाकलेल्या क्रुसाकडे पाहतं.

गुड फ्रायडे

आईबाबा सर्वांत जास्त घाबरतात ते या दिवसाला. एवढ्या लहान मुलाला क्रुसावरचं मरण कसं सांगायचं? काही घरं शुक्रवार वगळून टाकतात, काही घरं मुलांना रक्ताने माखलेली चित्रं नि सिनेमे दाखवतात. मला दोन्ही पटत नाही.

सांगायचं ते खरं आणि थोडक्यात. 'येशू सगळ्यांवर प्रेम करायचा. काही बलवान लोकांना त्याची भीती वाटली. त्यांनी त्याला पकडलं, आणि पिलात नावाच्या रोमन अधिकाऱ्याने त्याला क्रुसावर मारायची आज्ञा दिली. त्याला खूप दुखलं. तरी तो म्हणाला, बापा, यांना क्षमा कर. मग तो मेला. त्याच्या मित्रांनी त्याला बागेतल्या कबरीत ठेवलं.' चार-पाच वर्षांच्या मुलाला याहून जास्त नको. खिळे, चाबूक, जखमा यांचं वर्णन सात-आठ वर्षांपर्यंत थांबू शकतं. मूल विचारेल तेवढंच सांगा.

'मेला' हा शब्द टाळू नका. 'झोपला' म्हणालात तर काही मुलं रात्री झोपायला घाबरतात. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना मरण कायमचं असतं हे नीट उमगत नाही, म्हणून ती तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. दरवेळी तेच उत्तर, त्याच शांत आवाजात. घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल तर प्रश्न आजोबांवर येणारच: 'मग आजोबा कधी उठणार?' त्याला टाळू नका आणि रविवारचं वचनही देऊ नका. आजोबा देवाकडे आहेत, आपण सगळे पुन्हा भेटू असा आपला विश्वास आहे, पण ते या रविवारी घरी येणार नाहीत, हे स्पष्ट सांगा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. 'यहुद्यांनी येशूला मारलं' असं मुलांना कधीही सांगू नका. येशू यहुदी होता, त्याची आई यहुदी, सगळे शिष्य यहुदी. या एका वाक्यातून शेकडो वर्षं निरपराध माणसांचा छळ झाला, आणि कॅथलिक चर्चने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत हा आरोप स्पष्टपणे नाकारला. मुलांच्या मनात गोष्ट पहिल्यांदा जशी उतरते तशीच राहते.

जेवणाचं सोपं आहे. कॅथलिक नियमाप्रमाणे उपवास १८ ते ५९ वर्षांच्या लोकांना आणि मांसाहार वर्ज्य १४ वर्षांपासून पुढे. लहान मुलांना कसलंच बंधन नाही. त्यांना उपाशी ठेवू नका. पण घरात सगळे पेज घेणार असतील तर तीही आनंदाने घेतात. उकड्या तांदळाची पेज, सोबत खाऱ्या पाण्यातली तोरं (कोवळ्या कैऱ्या) किंवा कैरीचं लोणचं, मोठ्यांच्या ताटात तेच आणि लहानांच्या ताटातही तेच. मुलांना नंतर दूध-केळं द्या.

चर्चमधला विधी सहसा दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतो आणि तो लांबतो. एप्रिलच्या उकाड्यात तीन वर्षांचं मूल दोन तास बसणार नाही, आणि बसवण्यात भक्तीही नाही. क्रुसाचं चुंबन घ्यायच्या वेळेला त्याला घेऊन जा. अर्धा तास, पाण्याची बाटली, टोपी, आणि दाराजवळची जागा. क्रुसाची वाट घरीच करा आणि चौदापैकी चारच ठिकाणं घ्या: आई भेटते, शिमोन कुरेनेकर क्रूस उचलायला मदत करतो, वेरोनिका चेहरा पुसते, आणि शेवटी कबर. या चारही ठिकाणी कुणीतरी मायेचा हात पुढे करतं, आणि मुलांना धरून ठेवायला तेच हवं असतं. चार खोल्यांत चार चित्रं लावा आणि मेणबत्तीऐवजी बॅटरी घेऊन चाला.

संध्याकाळी बागेकडे जा. एका काडीला पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळून मुलांनी ती करवंटीत ठेवायची आणि शोधून आणलेला दगड तोंडाला लावायचा. अरिमथाईकर योसेफाने स्वतःची कबर येशूला दिली, हे सांगा. मग दिवा मालवा आणि निजायला जा.

पवित्र शनिवार: वाट पाहणं आणि रंग

सकाळी मुद्दाम काही करू नका. मुलं विचारतील, 'आज काय?' उत्तर: 'आज काही नाही. आज वाट पाहायची.' दगड हलवायचा नाही. पाणी मात्र घालायचं.

दुपारी अंडी रंगवा. पांढऱ्या कवचाची घ्या, गावठी तपकिरी अंड्यांवर रंग उठत नाही. आठवडाभर जुनी असली तर सोलायला सोपी जातात. गार पाण्यात ठेवून उकळी आणा, दहा-बारा मिनिटं उकळा, लगेच गार पाण्यात घाला. रंग बाजारातून आणायची गरज नाही. आठ-दहा कांद्यांची सालं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळली की विटकरी रंग मिळतो. हळदीचा पिवळा, बिटाचा गुलाबी. आणि जांभळ्या कोबीचं पाणी जांभळं दिसतं, पण त्यातून अंडं निळं निघतं. मुलं या जागी किंचाळतात. प्रत्येक रंग गाळून थंड करा आणि कपभर पाण्याला मोठा चमचाभर विनागर (व्हिनेगर) घाला. आपल्या घरांत माडाचं विनागर असतंच. त्याने कवचावर रंग धरतो. हळदीत अर्धा तास पुरतो, कोबीत चार-पाच तास फ्रीजमध्ये ठेवावं लागतं.

नक्षी हवी असेल तर कोथिंबिरीचं एक पान ओलं करून अंड्यावर चिकटवा, वरून जुन्या मलमलीचा तुकडा घट्ट बांधा आणि कांद्याच्या सालाच्या पाण्यात सोडा. सोडवल्यावर पानाचा पांढरा ठसा उमटलेला असतो. सुकल्यावर बोटभर खोबरेल चोळा, छान चमक येते. खाण्याची अंडी फ्रीजमध्येच ठेवा; आपल्या हवेत उकडलेलं अंडं तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. शोधायला लपवायची अंडी वेगळी, त्यांच्याकडे पुढे येते.

मुलं विचारतात, अंडीच का? युरोपात पूर्वी उपवासकाळात अंडी खाणंही वर्ज्य होतं, कोंबड्या मात्र अंडी घालतच राहायच्या, म्हणून सणाच्या दिवशी घरोघर अंड्यांची रास असायची. आणि बंद कवच फोडून पिल्लू बाहेर येतं तसा येशू कबरीतून आला, हे मुलांना लगेच दिसतं. सशाची गोष्ट जर्मनीकडची, साधारण सतराव्या शतकापासूनची. ससा आवडत असेल तर असू द्या, पण तोच मुख्य पाहुणा होऊ नये.

रात्री जागरणाची मिस्सा. वर्षातला सर्वांत सुंदर विधी हाच, आणि लहान मुलांना सर्वांत अवघडही हाच. चर्चबाहेर अंधारात नवा अग्नी पेटतो, त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पेटवतात. तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात. मुलाला आधीच सांगून ठेवलं तर ते शोधत राहतं. मग एकाची ज्योत दुसऱ्याकडे जात जात सगळं आवार उजळतं. पुढे बायबलमधली वाचनं सुरू होतात, सगळी घेतली तर नऊ. पाच वर्षांवरच्या मुलाला दुपारी झोपवून, लवकर जेवू घालून न्या. मागच्या कडेला उभे राहा. त्याची मेणबत्ती कागदी किंवा प्लास्टिकच्या पेल्यात असू द्या, तुमचा हात तिच्याखाली, आणि मुलींचे मोकळे केस बांधा, लेसच्या झग्यापासून ज्योत दूर. मधल्या वाचनांत मूल खांद्यावर झोपलं तर झोपू द्या, पण ग्लोरियाला उठवा. गुरुवारपासून गप्प असलेल्या घंटा तेव्हा वाजतात. ज्या मुलाला तुम्ही कान उघडे ठेवायला सांगितलं होतं, त्याच्यासाठी तो क्षण चुकवू नका. तीन वर्षांखालचं बाळ असेल तर एका पालकाने घरी थांबावं आणि रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून जावं.

रविवार

मुलांच्या आधी उठा. दगड बाजूला सारा, काडी काढून घ्या, पांढरी पट्टी घडी करून आत ठेवा. झाकलेल्या क्रुसावरचं कापड काढून फुलं वाहा, चाफा, जास्वंद, अंगणात जे असेल ते. मग मुलांना उठवून बागेपाशी न्या आणि काहीच बोलू नका. ती स्वतः वाकून बघतील. मोठं मूल म्हणेल, 'आई, तूच काढलंस ना?' हो म्हणा. मीच काढलं, त्या सकाळी काय झालं ते आपल्याला आठवावं म्हणून. खोटं सांगून मिळवलेला चमत्कार पुढे विश्वासालाच जड जातो.

आता गोष्ट सांगा, आणि ती योहानाच्या शुभवर्तमानातली सांगा. मरीया मग्दालिया पहाटे कबरीपाशी रडत उभी होती. तिला एक माणूस दिसला, तिला वाटलं बागेचा माळीच आहे. त्याने तिला नावाने हाक मारली, 'मरीये', आणि तिने ओळखलं. हाक मारताना तुमच्या मुलाचंही नाव घ्या. गोष्ट मराठीत सांगा, घरच्या भाषेत. चर्चमध्ये ती कोकणीत किंवा इंग्रजीत ऐकतातच. गोव्यात हे नवं नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण १६१६ साली इथेच, सासष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. गोष्ट संपल्यावर एकाने म्हणायचं 'ख्रिस्त उठला आहे!' आणि सगळ्यांनी ओरडायचं 'खरोखर उठला आहे!' दिवसभर जो कुणी दारात येईल त्याच्याशी मुलं हा खेळ खेळतात.

अंडी शोधण्याचा खेळ मिस्साच्या आधी किंवा नऊच्या आत. नंतर ऊन तापतं, चॉकलेट वितळतं आणि मुंग्या तुमच्या आधी शोधतात. म्हणून चॉकलेट आणि मार्झिपान घरात लपवा आणि अंगणात फक्त उघडणारी प्लास्टिकची अंडी. दगडांच्या राशीत, पालापाचोळ्यात, चिऱ्यांच्या गडग्यात काही लपवू नका. या दिवसांत साप-विंचू गारव्याला तिथेच असतात. प्रत्येक मुलाला एक रंग नेमून द्या, म्हणजे दादा-ताई सगळं लुटत नाहीत. धाकट्याची अंडी डोळ्यांसमोर, थोरल्याची उंचावर. मुलामागे सहा पुरतात.

त्या सहांत खाऊसोबत गोष्ट भरा: एकात झावळीचा तुकडा, एकात पोळीचा, एकात हिरांचा क्रूस, एकात पांढरं कापड, एकात खडा. सहावं रिकामं. सगळी मुलं जमली की क्रमाने उघडायची आणि प्रत्येकाने आपल्या शब्दांत सांगायचं. रिकामं अंडं ज्याच्या हाती येतं तो आधी हिरमुसतो, मग बाकीचे ओरडून सांगतात की ते रिकामंच असायला हवं. हे सांगून टाकण्याची घाई तुम्ही करू नका. त्याला बक्षीस म्हणून सर्वांत मोठं मार्झिपान द्या.

जेवणाबद्दल मी सांगायला नको, प्रत्येक घराचं सोरपोतेल वेगळं. मुलांपुरतं एवढंच की त्यांच्या सान्नांसोबत कमी तिखटाचा एखादा रस्सा ठेवा आणि बारा वाजता जेवू घाला. पाहुण्यांची वाट पाहत दोनपर्यंत ताटकळलेलं मूल सण रडूनच काढतं.

जेवणाआधी शेजारी ताटं पाठवा आणि ती मुलांच्या हातून जाऊ द्या. ईस्टरच्या आसपास कुणाकडे चैत्रातलं नवरात्र, कुणाकडे हनुमान जयंती झालेली असते, त्यामुळे हिंदू शेजाऱ्यांच्या ताटात अंड्याचे केक नकोत. वर दिलेल्या मार्झिपानात अंडं नाही, तेच पाठवा. गणपतीत त्यांच्याकडच्या नेवऱ्या आपण खाल्लेल्या असतात, आणि ताट रिकामं परत येत नाही हे मुलांना ठाऊक असतं.

सोमवारी समुद्रावर

ईस्टरचा काळ पेंतेकोस्तपर्यंत पन्नास दिवस चालतो, मग सगळं एका दिवसात कोंबायची गरज काय? मला यातला सर्वांत आवडता दिवस ईस्टर सोमवार. सुट्टी मिळाली तर त्या दिवशी, नाहीतर पुढच्या शनिवारी, सकाळी सहाला मुलांना घेऊन किनाऱ्यावर जा. बाणावली, कोलवा, केळशी, जे जवळ असेल ते. रापण ओढणारे लोक दिसले तर उत्तम. जाळं कसं ओढतात ते पाहू द्या.

योहानाच्या शेवटच्या अध्यायात अशीच सकाळ आहे. शिष्य रात्रभर होडीत, हाती एकही मासा नाही. किनाऱ्यावरून कुणीतरी सांगतं, जाळं उजवीकडे टाका. जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे येतात, आणि पेत्र सरळ पाण्यात उडी मारतो. काठावर येशूने कोळशांवर मासे भाजायला ठेवले आहेत, भाकर आहे, आणि तो म्हणतो, 'या, न्याहारी करा.' गोव्यातल्या मुलाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. वाळूवर शिंपले मांडून १५३ मोजायला लावा; पाच वर्षांचं मूल साठ-सत्तरपर्यंत पोचून दमतं, पुढचे थोरल्याने मोजावेत. घरून भाजून आणलेले बांगडे आणि पोई डब्यातून काढा, लहानांना काटे काढून द्या. नऊच्या आत परत या, वाळू तापू लागते.

ज्यांना आणखी एक निमित्त हवं आहे त्यांच्यासाठी म्हापशाचं मिलाग्रीस सायबिणीचं (मरियामातेचं) फेस्त ईस्टरनंतर पंधराव्या दिवशी, सोमवारी येतं. हिंदू आणि ख्रिस्ती दोघंही तेल घेऊन रांगेत असतात. मुलांना न्यायचं तर भल्या सकाळी जा आणि फेरीत खाजं घेतल्याशिवाय परतू नका. परातीतला गहू तोवर पिवळा पडलेला असेल. तो उपटून वाळवा, माती कुंडीत घाला आणि करवंटी पुढच्या वर्षासाठी धुऊन ठेवा.